जनरल डॅनियल सिकल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन यादवी युद्धावर काहीही वाचायला घ्या, लिंकन, ग्रँट, ली यांच्या मागोमाग हे नाव हमखास डोकं वर काढतं. गंमत म्हणजे दर वेळी कारण वेगळं. कुठे खुनी म्हणून, कुठे शूर म्हणून, कुठे हुकूम धाब्यावर बसवणारा सेनापती म्हणून, तर कुठे संग्रहालयात ठेवलेल्या पायाचा मालक म्हणून. त्याच्याविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

थोडक्यात सांगा, हा माणूस कोण?

न्यूयॉर्कचा वकील, डेमोक्रॅटिक पक्षाचा पुढारी, यादवी युद्धात उत्तरेच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, सैन्याचा मेजर जनरल आणि पुढे स्पेनमधला अमेरिकेचा राजदूत. जन्म २० ऑक्टोबर १८१९, मृत्यू ३ मे १९१४. जुन्या पुस्तकांत जन्मसाल १८२५ असंही छापलेलं सापडतं, पण १८१९ हेच आता धरलं जातं.

लोक त्याच्या आयुष्याचे वकील, सैनिक, राजकारणी असे तीन कप्पे करतात. मला ते पटत नाही. त्याचा धंदा शेवटपर्यंत एकच होता, वकिली. आणि अशीलही एकच, तो स्वतः.

राजकारणात कसा आला?

टॅमनी हॉलमधून. न्यूयॉर्क शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षाची ही संघटना. निवडणुका, नोकऱ्या, कंत्राटं सगळं तिच्या हातात, आणि मतपेट्यांशी खेळ करण्यात तिची ख्याती. सिकल्स तिथे मुरला. १८४७ साली तो राज्याच्या विधानसभेत पोहोचला, १८५३ मध्ये शहराचा सरकारी वकील झाला आणि त्याच वर्षी लंडनच्या अमेरिकन वकिलातीत सचिव म्हणून गेला. तिथे त्याचे वरिष्ठ होते जेम्स ब्यूकॅनन, पुढचे राष्ट्राध्यक्ष. ही ओळख त्याला पुढे फार उपयोगी पडली.

लंडनमध्ये त्याने काय दिवे लावले? १८५४ च्या ४ जुलैच्या मेजवानीत व्हिक्टोरिया राणीच्या सन्मानार्थ सगळे उभे राहिले, हा तेवढा खुर्चीत बसून राहिला. फॅनी व्हाइट नावाची न्यूयॉर्कची एक वेश्या त्याची जुनी मैत्रीण होती. तिला तो न्यूयॉर्कमध्ये थेट विधानसभेच्या सभागृहात घेऊन गेला होता, त्याबद्दल त्याची कानउघाडणीही झाली. लंडनला जाताना त्याने तिलाच बरोबर नेलं. गरोदर पत्नी मागे राहिली.

पत्नी कोण होती?

टेरेसा बॅगिओली. मोझार्टच्या संगीतिकांचे शब्द लिहिणारा लोरेन्झो दा पोन्ते म्हातारपणी न्यूयॉर्कला स्थायिक झाला होता. तरुण सिकल्स शिक्षणासाठी त्याच्या घरी राहायला होता. त्याच घरातल्या संगीतशिक्षक अंतोनियो बॅगिओलीची ही मुलगी, म्हणजे सिकल्सने तिला अगदी तान्हेपणापासून पाहिलेलं. १८५२ मध्ये लग्न झालं तेव्हा तो बत्तिशीचा आणि ती जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची. दोन्ही घरांचा विरोध होता. टेरेसाला अनेक भाषा येत. पुढे वॉशिंग्टनला नवऱ्याच्या राजकारणासाठी लागणाऱ्या मेजवान्या तीच सांभाळायची.

खून नेमका कसा घडला?

१८५७ मध्ये सिकल्स अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, प्रतिनिधिगृहात दाखल झाला आणि व्हाइट हाउससमोरच्या लाफायेत चौकात त्याने घर घेतलं. शहराचा सरकारी वकील फिलिप बार्टन की हा घरचा मित्र. अमेरिकेच्या राष्ट्रगीताचा कवी फ्रान्सिस स्कॉट की याचा हा मुलगा. देखणा, विधुर आणि मेजवान्यांत लोकप्रिय. त्याचं आणि टेरेसाचं जुळलं. भेटण्यासाठी त्याने जवळच पंधराव्या रस्त्यावर एक घर भाड्याने घेतलं होतं. गल्लीतल्या शेजाऱ्यांना हे कळायला वेळ लागला नाही. कळलं नव्हतं ते फक्त नवऱ्याला.

फेब्रुवारी १८५९ मध्ये सिकल्सला एक निनावी पत्र आलं. त्याने चौकशी केली, खात्री पटली, आणि शनिवारी रात्री टेरेसाकडून तिच्या हस्ताक्षरात सविस्तर कबुलीजबाब लिहून घेतला. साक्षीदारांच्या सह्यांसकट. रागाने वेडा झालेला माणूस दस्तऐवज तयार करून घेतो, त्यावर सह्या घ्यायलाही विसरत नाही, हे लक्षात ठेवा. पुढच्या प्रश्नात ते कामाला येईल.

दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारीच्या रविवारी, कीला या कशाचीच खबर नव्हती. तो नेहमीप्रमाणे चौकात येऊन सिकल्सच्या घराकडे पाहत रुमाल हलवू लागला. ही त्यांची ठरलेली खूण. सिकल्सने खिडकीतून पाहिलं, पिस्तुलं घेतली आणि खाली उतरला. "तू माझं घर बाटवलंस, तुला मेलंच पाहिजे," अशा अर्थाचं ओरडून त्याने गोळी झाडली. फिलिप की निःशस्त्र होता. त्याने हातातली नाटकाची दुर्बीण सिकल्सच्या अंगावर फेकली, झाडाआड लपायला पाहिलं, गयावया केली. सिकल्स गोळ्या झाडत राहिला. भर दुपारी, राष्ट्राध्यक्षांच्या दारासमोर आणि डझनभर लोकांच्या देखत. मग तो चालत अॅटर्नी जनरल जेरेमाया ब्लॅक यांच्या घरी गेला आणि स्वाधीन झाला.

एवढं होऊन तो सुटला कसा?

पहिलं कारण म्हणजे त्याने उभी केलेली वकिलांची फौज. त्यात एडविन स्टँटन होते, जे पुढे लिंकनचे युद्धमंत्री झाले. न्यूयॉर्कचे जेम्स ब्रॅडी आणि जॉन ग्रॅहम हे नामांकित फौजदारी वकीलही होते. समोर सरकारतर्फे कोण? ज्याचा खून झाला तोच सरकारी वकील. त्यामुळे त्याचा सहायक रॉबर्ट ऑल्ड याला त्याच्या जागी बसवून खटला चालवायला दिला. ही लढत बरोबरीची नव्हतीच.

बचाव दोन पायांवर उभा होता. एक कायद्यातला: पत्नीच्या बेइमानीच्या धक्क्याने आरोपीचं डोकं फिरलं, त्या घटकेला त्याला आपण काय करतोय याचं भान नव्हतं. 'क्षणिक वेड' हा बचाव यशस्वी ठरलेला अमेरिकेतला पहिला गाजलेला खटला म्हणून याचं नाव कायद्याच्या पुस्तकांत आहे. दुसरा पाय कायद्याबाहेरचा: अशा प्रसंगी कुठलाही नवरा हेच करील, हे ज्यूरीच्या मनात भरवणं. मनात ठसला तो दुसराच, असं मला वाटतं. पहिल्याने ज्यूरीला फक्त सबब मिळाली.

टेरेसाचा कबुलीजबाब न्यायाधीशांनी पुरावा म्हणून स्वीकारला नाही. तरी तो वर्तमानपत्रांत शब्दशः छापून आला! आणि फॅनी व्हाइटचं काय, असा प्रश्न सरकारी पक्षाला रेटता आला नाही. ४ एप्रिलला सुरू झालेला खटला २६ एप्रिलला संपला. ज्यूरीने सुमारे तासाभरात 'निर्दोष' असा निकाल दिला आणि लोकांनी रस्त्यावर जल्लोष केला.

मग त्याचं राजकारण बुडालं, ते का?

खुनामुळे नाही. त्याच उन्हाळ्यात त्याने टेरेसाला माफ केल्याचं बाहेर आलं, त्यामुळे. ज्या वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, तीच तुटून पडली. पत्नीला परत घ्यायचं होतं तर फिलिप की कशासाठी मेला, असा एकूण सूर. यावर सिकल्सने जाहीर पत्र लिहून ठणकावलं की कुठल्याही कायद्यात पत्नीला क्षमा करणं गुन्हा ठरलेलं नाही. त्याच्या लिखाणातलं मला आवडलेलं हे बहुधा एकमेव पत्र.

पण कागदावरची क्षमा घरात फारशी उतरली नाही. तो क्वचितच तिच्याजवळ राहिला. १८६७ मध्ये क्षयाने टेरेसा गेली तेव्हा ती जेमतेम तिशीची होती.

लष्कराचं शिक्षण नसताना जनरल कसा झाला?

माणसं जमवून. १८६१ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा उत्तरेला सैनिक हवे होते आणि लिंकनला रिपब्लिकन पक्षाच्या लढाईत डेमोक्रॅटही आहेत हे दाखवायचं होतं. सिकल्सला नाव धुऊन काढायचं होतं. त्याने न्यूयॉर्कमध्ये पाच रेजिमेंट उभ्या केल्या, त्याच 'एक्सेल्सियर ब्रिगेड'. राज्याच्या गव्हर्नरने मध्येच बहुतेक कंपन्या मोडायला सांगितलं, तर हा थेट लिंकनकडे गेला आणि आपली ब्रिगेड राज्याऐवजी केंद्राच्या सेवेत घालून घेतली.

त्याची ब्रिगेडियर जनरलची नेमणूक सिनेटने मार्च १८६२ मध्ये फेटाळली. त्याने खटपट केली आणि मे महिन्यात ती मंजूर करून घेतली. १८६३ च्या सुरुवातीला तो 'थर्ड कोअर'चा प्रमुख होता. कोअर म्हणजे सैन्याचा हजारोंचा एक मोठा विभाग. जुलै १८६३ मधल्या गेटिसबर्गच्या लढाईत उत्तरेच्या कोअर प्रमुखांमध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत न शिकलेला हा एकटाच.

गेटिसबर्गला त्याने नेमकं काय केलं?

हे समजायला दोन महिने मागे जावं लागतं. मे १८६३ मध्ये चान्सलर्सव्हिलच्या लढाईत हेझल ग्रोव्ह नावाचं उंचवट्याचं मैदान त्याच्या ताब्यात होतं. सरसेनापती हूकरने ते सोडायला लावलं. दक्षिणेने लगेच तिथे तोफा चढवल्या आणि सिकल्सच्याच माणसांना भाजून काढलं. ते त्याच्या मनातून गेलं नाही.

आता २ जुलै. नवे सरसेनापती जॉर्ज मीड यांनी त्याला सिमेटरी रिज या लांबट टेकाडाच्या दक्षिण टोकाला, लिटल राउंड टॉप टेकडीपर्यंत उभं राहायला सांगितलं. तिथली जमीन खोलगट. समोर सुमारे पाऊण मैलावर, एमिट्सबर्ग रस्त्यालगत, पीचच्या झाडांची एक बाग उंचावर. सिकल्सला पुन्हा हेझल ग्रोव्ह दिसू लागलं. शत्रूने तिथे तोफा लावल्या तर? त्याने मुख्यालयाकडे जागा बदलून मागितली. तोफखान्याचा प्रमुख हेन्री हंट येऊन पाहून गेला, पण परवानगी दिली नाही. समोरच्या झाडीत टेहळणी पाठवली तर दक्षिणेचे सैनिक सापडले. मग दुपारी याने कुणाला न विचारता जवळपास १०,००० माणसं पुढे नेली.

झेंडे फडकवत निघालेली ती रांग पाहून शेजारच्या कोअरचे अधिकारी थक्क झाले. बागेपाशी रांगेला कोपर आला, म्हणजे शत्रूला दोन्ही बाजूंनी मारायची सोय. दोन्ही टोकं उघडी. लिटल राउंड टॉप रिकामा. मीड घोड्यावरून आले तेव्हा सिकल्स म्हणाला, हवं तर मागे घेतो. मीड म्हणाले, घेता आलं असतं तर बरं झालं असतं, पण शत्रू घेऊ देणार नाही. तोवर दक्षिणेचा सेनापती लाँगस्ट्रीट याच्या तोफा सुरू झाल्या होत्या.

पीच ऑर्चर्ड, व्हीटफिल्ड, डेव्हिल्स डेन ही रणांगणातल्या जागांची नावं त्या संध्याकाळची. थर्ड कोअरचे सुमारे ४,२०० लोक मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले, म्हणजे दहातले चार. टेकडी वाचली ती मीडचे अभियंता अधिकारी वॉरन यांनी ऐन वेळी ती रिकामी पाहून फौज मागवली म्हणून.

मग त्याचं चुकलं की बरोबर होतं?

त्याची बाजू अशी: पुढे जाऊन मी लाँगस्ट्रीटचा जोर वाटेतच मोडला, नाहीतर तो धक्का मुख्य रांगेवर आला असता. विरुद्ध बाजू अशी: भोक बुजवायला मीडला इतर कोअरमधली माणसं ओतावी लागली, आणि हुकूम मोडून मिळालेलं यश हे यश नव्हे.

बाग उंचावर होती हे त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण ती धरायला लागणारी रांग त्याच्याकडच्या माणसांच्या मानाने फार लांब होती, आणि शेजाऱ्यांना सांगितल्याशिवाय जाण्याला काहीच समर्थन नाही. त्याचा निर्णय चुकीचा होता असं माझं मत. त्याची माणसं मात्र अफाट लढली, आणि पुढे पन्नास वर्षं तो त्यांच्या शौर्याआड उभा राहिला.

पायाची गोष्ट खरी आहे का?

हो. त्याच संध्याकाळी ट्रॉसल कुटुंबाच्या शेतापाशी तोफगोळ्याने त्याचा उजवा पाय चिरडला. स्ट्रेचरवरून नेताना सैनिक घाबरू नयेत म्हणून त्याने सिगार शिलगावला, असं सांगतात. मांडीपासून पाय कापावा लागला.

युद्धातल्या जखमांचा अभ्यास व्हावा म्हणून लष्कराने १८६२ मध्येच वॉशिंग्टनला वैद्यकीय संग्रहालय काढलं होतं आणि डॉक्टरांना नमुने पाठवायला सांगितलं होतं. सिकल्सने शवपेटीच्या आकाराच्या लहान खोक्यात घालून आपला पाय धाडला, सोबत 'मेजर जनरल डी. ई. एस. यांच्याकडून सप्रेम' अशा मजकुराचं कार्ड. पुढे वर्षानुवर्षं तो वाढदिवसाला जावं तसा तिथे जायचा, बरोबर पाहुणे घेऊन.

मीडशी भांडण काय होतं?

पाय गेल्यावर तीनच दिवसांत, ५ जुलैला, तो वॉशिंग्टनच्या अंथरुणावर होता आणि लिंकन त्याला भेटायला आले. लढाईची पहिली हकीकत राष्ट्राध्यक्षांनी ऐकली ती त्याच्या तोंडून. वकिलाला याहून जास्त काय हवं?

१८६४ मध्ये त्याने काँग्रेसच्या युद्धविषयक समितीसमोर साक्ष दिली की मीड तर गेटिसबर्गहून माघार घ्यायच्या विचारात होते. त्याच सुमारास 'न्यूयॉर्क हेरल्ड'मध्ये 'हिस्टॉरिकस' या टोपणनावाने मीडवर लेख आले. ते सिकल्सने लिहिले किंवा लिहवले असं बहुतेक अभ्यासक मानतात. मीड भिडस्त आणि चिडखोर, अशा धुळवडीत उतरणारे नव्हेत. ते १८७२ मध्ये वारले. सिकल्स पुढे बेचाळीस वर्षं जगला, आणि ही सगळी वर्षं बोलत राहिला.

त्याला सगळ्यात मोठा साक्षीदार मिळाला तो शत्रूपक्षाचा. खुद्द लाँगस्ट्रीटने १९०२ मध्ये पत्र लिहून त्याची चाल योग्य होती असं सांगितलं. पण लाँगस्ट्रीटवरही दक्षिणेत गेटिसबर्ग हरवल्याचं खापर फोडलं जात होतं. समोर कडवा प्रतिकार होता असं म्हणणं त्यालाही सोयीचंच.

त्याला 'मेडल ऑफ ऑनर' मिळालं होतं ना?

अमेरिकेचं हे सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, पण लढाईनंतर चौतीस वर्षांनी, १८९७ मध्ये. जखमी होऊनही सैनिकांना धीर देत राहिल्याबद्दल. जागा सोडल्याबद्दल त्याच्यावर कधी लष्करी खटला झाला नाही. तुटलेल्या पायाने तेवढं तरी वाचवलं. रणांगणावरचं नेतृत्व मात्र त्याला पुन्हा मिळालं नाही.

त्याने एखादं चांगलं काम केलं की नाही?

केलं, आणि त्याविषयी सगळ्यात कमी लिहिलं जातं. युद्धानंतर साउथ कॅरोलायना त्याच्या लष्करी अमलाखाली होतं. गुलामगिरी गेली तरी तिथल्या विधिमंडळाने 'ब्लॅक कोड' नावाचे कायदे करून कृष्णवर्णीयांना पुन्हा जवळपास वेठबिगारीत बांधलं होतं. जानेवारी १८६६ मध्ये सिकल्सने एका हुकुमाने ते रद्द ठरवले. पुढे नॉर्थ कॅरोलायनाही त्याच्याकडे आलं. कर्जापायी तुरुंग बंद केला, जप्त्या थांबवल्या, फटक्यांच्या शिक्षेला मनाई केली. त्याचे हुकूम न्यायालयांच्या आड येतात असं म्हणत राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सननी ऑगस्ट १८६७ मध्ये त्याला काढून टाकलं.

स्पेनच्या राणीशी संबंध होते, हे खरं?

तशी बोलवा होती, ठोस पुरावा नाही. १८६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँटनी त्याला माद्रिदला पाठवलं तेव्हा राणी दुसरी इसाबेल पदच्युत होऊन पॅरिसला राहत होती. तिच्याकडे त्याचं जाणं-येणं होतं, आणि पॅरिसच्या पत्रकारांना तेवढं पुरलं. १८७१ मध्ये त्याने स्पेनमध्येच कॅरोलाइन डी क्रीघशी दुसरं लग्न केलं.

मुख्य काम क्युबाचं, तेव्हा ती स्पेनची वसाहत होती. १८७३ मध्ये क्युबातल्या बंडखोरांना शस्त्रं नेणारं 'व्हर्जिनियस' जहाज स्पेनने पकडलं आणि ५३ जणांना गोळ्या घातल्या. सिकल्स माद्रिदला युद्धाची भाषा बोलू लागला. परराष्ट्रमंत्री हॅमिल्टन फिश यांनी वॉशिंग्टनमधूनच परस्पर तडजोड केली. सिकल्सने राजीनामा दिला.

गेटिसबर्गला त्याचा पुतळा का नाही?

न्यूयॉर्क राज्याने लढाईची स्मारकं उभारायला १८८६ मध्ये एक आयोग नेमला. सिकल्स त्याचा अध्यक्ष होता. १९१२ मध्ये हिशेब तपासले तर सुमारे २८,००० डॉलरची तूट निघाली. ९३ वर्षांच्या म्हाताऱ्यावर अटकेचा हुकूम निघाला. तुरुंगाची वेळ आली नाही, पण अध्यक्षपद गेलं.

एक्सेल्सियर ब्रिगेडच्या स्मारकात पाच खांबांच्या मधोमध एक चौथरा रिकामा आहे. तिथे त्याचा अर्धपुतळा बसायचा होता, आणि त्याचे पैसे त्यानेच खाल्ले असं लोक गमतीने सांगतात. स्मारक १८९३ चं, तूट उघड झाली त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी. त्यामुळे किस्सा चविष्ट असला तरी मी त्यावर पैज लावणार नाही. "सगळं रणांगणच माझं स्मारक आहे," हे त्याच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य.

त्यात तथ्यही आहे. १८९३ ते १८९५ तो पुन्हा काँग्रेसमध्ये होता आणि गेटिसबर्गला राष्ट्रीय लष्करी उद्यान करणारं विधेयक त्यानेच मांडलं. ११ फेब्रुवारी १८९५ ला त्याचा कायदा झाला.

आज यातलं काय पाहता येतं?

पायाची हाडं आणि शेजारी तसाच एक तोफगोळा मेरिलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यक संग्रहालयात आहेत. गेटिसबर्गला ट्रॉसलचं कोठार अजून उभं आहे, विटांच्या भिंतीत तोफगोळ्याचं भोकही दिसतं. तो जखमी झाला त्या ठिकाणी जवळच लहानसा दगड आहे. गेटिसबर्गच्या सैनिकी दफनभूमीलगतचं लोखंडी कुंपण पाहायला विसरू नका. ते वॉशिंग्टनच्या लाफायेत चौकातून काढून आणलेलं आहे, म्हणजे फिलिप की मेला त्या दिवशी ते त्या चौकाभोवती होतं. सिकल्सची कबर आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत आहे, पायाविना.